बी.ए.ला समाजशास्त्र घ्यावं का? काका म्हणतात, "समाजात राहतोच की आपण, त्यात शिकायचं काय?"

तुमचा प्रश्न नोकरीचा आहे, पण मी अडले ती तुमच्या काकांच्या वाक्याशी. जवळपास याच शब्दांत माझ्या काकांनी 2009 साली आमच्या ओसरीवर मला हेच ऐकवलं होतं. बारावीला मार्क बरे होते, मी डी.एड. करावं असं सगळ्यांचं मत होतं, आणि मी साताऱ्याला बी.ए.ला समाजशास्त्र स्पेशल घ्यायचं म्हणत होते. म्हणून आधी काकांचं, नोकरीचं नंतर.

समाजात राहिलं म्हणून समाज कळत नाही. मी वीस वर्षं आमच्या घरात राहून मला आमचं घर कळलं नव्हतं. ते टी.वाय.च्या प्रकल्पानं कळलं.

वर्गातल्या बहुतेकांनी 'मोबाईलचे तरुणांवर होणारे परिणाम' घेऊन आदल्या वर्षीच्या फायली उतरवल्या. आमच्या मॅडमनी मला विचारलं, तुमच्याकडे मुलींना जमिनीत वाटा देतात का? मी म्हटलं, मुलींनाच नको असतो. त्या म्हणाल्या, मग हेच विचारून ये.

वाडीतली चाळीस घरं घेतली. मुलाखत अनुसूची, म्हणजे विचारायच्या प्रश्नांचा कागद, हातानं लिहून झेरॉक्स काढल्या. लग्न होऊन आलेल्या बायकांना विचारायचं: माहेरी जमीन किती, भाऊ किती, हक्कसोड (वाटा सोडल्याचा दस्त) केलं का, कधी केलं, सही करताना सोबत कोण होतं. कायदा बायकांच्या बाजूचा होता. महाराष्ट्रानं 1994 साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता, आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. तरी दोन-तीन घरं सोडली तर सगळ्यांनी हक्क सोडलेला. प्रत्येकीचं उत्तर एकच, "आपल्या खुशीनं दिला." दस्तातही तेच, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. मी निष्कर्ष लिहिला: मुलींनाच वाटा नको असतो.

मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. चाळीस बायका, चाळीस माहेरं, आणि खुशी मात्र सगळ्यांची एकसारखी कशी? मग त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाईम काढला. एफ.वाय.ला आम्ही सामाजिक तथ्याची व्याख्या पाच मार्कांसाठी पाठ केली होती: ते व्यक्तीच्या बाहेर असतं आणि तिच्यावर दाब आणतं. विरोध करेपर्यंत तो दाब जाणवत नाही, हे मात्र गाईडमध्ये नव्हतं. याच माणसानं 1897 साली दाखवून दिलं की आत्महत्येसारखी अगदी एकट्याची वाटणारी गोष्टसुद्धा समाजासमाजांत ठरावीक प्रमाणात घडत राहते. मॅडम म्हणाल्या, परत जा, आणि सही केली नसती तर काय झालं असतं ते विचार.

मी परत गेले. या वेळी एकेका घरात तास-तास गेला. भाऊबीजेला कोण आलं असतं? लेकीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला असता? नवऱ्यानं उद्या हाकललं तर कुणाच्या दारात जायचं? एक म्हातारी म्हणाली, "हिस्सा घेतला की माहेर मिटलं बाई." म्हणजे जमीन फुकट दिलेली नव्हती. अडल्या वेळेला एक दार उघडं राहावं, याची ती किंमत होती, आणि ती फक्त बहिणी मोजत होत्या. भावाला आपल्याच घरी येण्यासाठी काही सोडावं लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात जत्रा होती आणि आत्या माहेरी आलेली. ती वाडीत लग्न होऊन आलेली नव्हती, म्हणून नमुन्यात बसत नव्हती, तरी मी तिला बसवून विचारलं. आजोबा 2007 ला गेले. तेराव्यानंतर आठवड्याच्या आत काकांनी गाडी ठरवून तिला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं. माझे वडीलही सोबत होते. येताना साडी घेतली. आत्या म्हणाली, "सही करीपर्यंत वाटत होतं, दादा एकदा तरी म्हणंल, राहू दे." मी ते जसंच्या तसं लिहिलं. नाव घातलं नाही, 'उत्तरदाती क्र. 41' लिहिलं.

चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत नाव झाकून काही झाकत नाही. गाडी, साडी, आजोबांचं साल, सगळं होतं त्यात. फाईल घरी आली, चुलतभावानं मोठ्यानं वाचली. काका म्हणाले, "कॉलेजची फी मी भरली, ती आमच्या घराचा पंचनामा करायला?" फी त्यांनीच भरली होती, हे खरं आहे. पुढची दोन वर्षं ते भाऊबीजेला आत्याकडे गेले नाहीत. सही देऊनसुद्धा तिचं माहेर दोन वर्षं बंद राहिलं, ते माझ्या फाईलमुळे. ही चूक माझी. आज मी पाहणीचं काम करते तेव्हा माणूस ओळखू येईल असा तपशील आधी काढते, तो कितीही मोलाचा असला तरी.

पण काका, तुमचं वाक्य चुकीचंच होतं. तुम्ही त्या गाडीत बसला होतात आणि तुम्हाला काय घडतंय ते दिसलं नाही. वडिलांनाही नाही, आणि चाळीस घरं फिरेपर्यंत मलाही नाही.

आणि हा 'सोपा विषय' म्हणणाऱ्यांसाठी: मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला. त्याच्याही आधी, 1916 ला, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला आणि जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मूळ असल्याचं दाखवलं. इरावती कर्वे यांनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या लोकांची. बी.ए.च्या तीन वर्षांत आम्हाला त्या पाहणीबद्दल एका शब्दानं सांगितलं गेलं नाही. मी ती एम.ए.ला शोधून वाचली.

आता नोकरी. नुसत्या बी.ए.वर काही मिळत नाही. दहावीपर्यंत शाळेत समाजशास्त्र नावाचा विषय नाही, त्यामुळे बी.एड. करून हायस्कूलला लागायचं मनात असेल तर इतिहास, भूगोल किंवा भाषा घ्या. ज्युनियर कॉलेजला एम.ए. आणि बी.एड. लागतं, सीनियरला नेट किंवा सेट, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून 250 मार्कांचे दोन पेपर, पण त्या एका आशेवर पदवी निवडू नका. मी पुण्यात एका संस्थेत पाहणीचं काम करते. पगारात घर चालतं, शिल्लक फार पडत नाही.

हेही आधी सांगायला हवं होतं: मला त्या मॅडम भेटल्या म्हणून हे झालं. ज्या कॉलेजात गाईडवरून नोट्स उतरवून देतात आणि क्षेत्रकार्य कागदावरच होतं, तिथे हा विषय घेऊ नका. प्रवेशाआधी टी.वाय.च्या मुलांना त्यांच्या प्रकल्पाची फाईल मागा आणि चार पानं वाचा, तेवढ्यावरून कळेल. आता स्पेशलला मेजर म्हणतात आणि चौथं वर्ष करून ऑनर्सही घेता येतं, पण शिकवणारं कोण आहे हे त्याआधी बघा. इंग्रजी वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. थोडी संख्याशास्त्राची भीती घालवा, माझी ती फार उशिरा गेली.

माझ्या प्रकल्पाची एक प्रत आत्याकडे आहे. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिनं ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली. काकांनी अजून स्वतः वाचलेली नाही.