पायथनमध्ये दोन लिस्टमधले कॉमन एलिमेंट काढायला सेट वापरला तर चालेल का? सर म्हणतात लूपच लिहा.

सरांचं ऐक. सेटने एका ओळीत होतं हे मलापण माहितीय, त्याच एका ओळीपायी मी पार्ल्याच्या आत्याची बोलणी खाल्लीयत.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. एफवायला असताना बाबांच्या वहीतल्या दोन याद्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या, एक ऑर्डरची, एक पैसे आलेल्यांची, जितक्या पेट्या तितक्या वेळा नाव. दोन्हीकडे असेल ती पेटी रात्रीच्या गाडीत चढवायची, बास. मी लूप लिहीत बसलेलो तर पुण्याहून आलेला चुलतभाऊ, आयटीवाला, मागे उभा राहून म्हणतो, "काय हे बालवाडीतलं, दोन्हीचे सेट कर आणि मध्ये अँडचं चिन्ह (&) टाक." टाकलं. आत्याने तीन पेट्या सांगितलेल्या, पैसे दोनचे आलेले, गाडीत चढली एक. सेटमध्ये नाव एकदाच राहतं ना! वर बाबांनी लावलेला क्रम पण गेला. सकाळी आत्याचा फोन, आणि बाबा मला, "तुझ्या कॉम्प्युटराक मोजूक येता काय रे?" भाऊ तोवर पुण्याला पोचलेला.

म्हणून म्हणतो, लूप लिहिता येत नाही त्याने सेटला हात लावू नये. एक यादी फिरव, प्रत्येक नाव दुसरीत 'इन'ने बघ, सापडलं की तिसरीत अपेंड. त्याआधी स्ट्रिप मार, नावामागे एक स्पेस राहिली तरी मॅच होत नाही आणि तू रात्रभर लूपला शिव्या घालत बसशील.

हां, आता खरं सांगायचं तर माझा लूप पण चुकलेलाच. तावातावात चालवला तर आत्याच्या तीन दाखवल्या, कारण तिचं नाव पैशांच्या यादीत 'आहे'च, कितीदा ते कोण बघतंय. मॅच झालं की दुसऱ्या यादीच्या कॉपीतून ते नाव रिमूव्ह करायला हवं होतं. नाहीतर पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर घे, तो कुठलं नाव कितीदा आलं ते मोजतो; दोन याद्यांचे दोन काउंटर आणि मध्ये तेच अँडचं चिन्ह, कमी असेल तो आकडा धरतात. तुला डुप्लिकेट नकोच असतील तर सेट बरोबर आहे, आणि लाख-लाख नावं असतील तर सेटच, लूपमध्ये १००० कोटी तुलना होऊ शकतात. आमची नावं होती साठ. हे भावाला सांगितलेलं नाही.

मी आत्याला आणखी दोन पाठवल्या. तिसरीचे पैसे अजून यायचेत.