दूध-आइस्क्रीम न घालता घट्ट, गारेगार शेक घरी कसा करावा?

तुमच्या वडिलांना दूध पचत नाही, पाकिटातल्या बदामाच्या दुधात आंबा आणि बर्फ घालून शेक केला तो लगेच पाणचट झाला, आणि सोयाच्या दुधाचा वास घरात कुणालाच झेपला नाही, असं तुम्ही लिहिलंय.

सगळ्यात आधी बर्फ बंद करा. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. पेला हातात येईपर्यंत तो विरघळतो आणि आंब्याची चव धुऊन टाकतो. शेकमध्ये जे पडणार आहे तेच गोठवायचं. फळ तर गोठवायचंच, दूधसुद्धा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याचे खडे करायचे. मग ते वितळले तरी चव पातळ होत नाही.

आता दूध कोणतं? पाकिटातलं बदामाचं दूध चहा-कॉफीपुरतं ठीक आहे, पण त्यात बदाम मोजकेच आणि बाकी पाणी. शेकला स्निग्धपणा लागतो, तो त्यात नसतो. सोयाचा वास कच्चे दाणे वाटल्यामुळे येतो. भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवून मग वाटले तर तो बराच कमी होतो, पण एवढा खटाटोप शेकसाठी कशाला? ओट्सचं दूध जास्त वाटलं की बुळबुळीत होतं. माझं मत विचाराल तर नारळाचं दूध, सोबत थोडे काजू. आपल्या हवेत, आपल्या बाजारात याहून सोपं काही नाही.

मध्यम आकाराचा एक नारळ खवून घ्या. त्यात पाऊण ते एक कप कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा आणि मलमलच्या कापडातून घट्ट पिळा. पाणी कोमटच हवं, कारण नारळातली चरबी साधारण 24 अंशांच्या खाली थिजते आणि गार पाण्यात पुरती सुटत नाही. हे पहिलं जाड दूध शेकसाठी. चोथ्यातून निघणारं दुसरं पातळ दूध आमटीत किंवा भातात घाला. जाड दूध फ्रीजमध्ये ठेवलं तर वर सायीसारखा घट्ट थर आणि खाली पाणी असं होईल. घाबरू नका, नासलेलं नाही, ढवळून मगच ट्रेमध्ये ओता. मात्र उन्हाळ्यात हे दूध ओट्यावर ठेवू नका, फार लवकर आंबतं.

काजू आठ-दहा पुरेत. गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचे. काजूचं दूध गाळावं लागत नाही आणि त्यामुळे शेक एकजीव राहतो, नारळाचा स्निग्धांश सुटा पडत नाही. तुकडा काजू स्वस्त मिळतो, तोच वापरा. वाटूनच टाकायचाय.

आंब्याबद्दल बोलायचं तर चांगला हापूस शेकमध्ये घालणं माझ्या जिवावर येतं. तो कापून खावा. केसर किंवा पायरी घ्या, नाहीतर हापूस जरा जास्तच पिकला असेल तर तो. रायवळ असेल तर रस काढून गाळून ट्रेमध्ये गोठवा, नाहीतर दोरे दातांत अडकतात. बाकीच्या आंब्यांच्या फोडी ताटात सुट्या पसरून चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्या की डब्यात भरा. थेट डब्यात कोंबल्यात तर एक दगड तयार होईल आणि तो फोडायला बत्ता लागेल.

दोन मोठ्या पेल्यांना असं प्रमाण धरा: गोठलेल्या फोडी सुमारे 300 ग्रॅम, नारळाच्या दुधाचे चार-पाच खडे, फ्रीजमधलं गार नारळाचं दूध अर्धा कप, भिजवलेले काजू, वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने आंबा उठतो. गारव्यात जिभेला गोडी कमी लागते, म्हणून मिश्रण साधं चाखताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे. साखर घाला किंवा बिया काढून भिजवलेला खजूर. खजुराने रंग मात्र काळपट होतो.

खरी परीक्षा मिक्सरची असते. आपले मिक्सर चटणी-वाटणासाठी बनलेले, गोठलेल्या फळांचा त्यांना राग येतो. फोडी बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, कडांना ओल सुटली पाहिजे. आधी नुसते काजू आणि फ्रीजमधलं गार नारळाचं दूध वाटून गुळगुळीत करा. मग त्यावर निम्म्या फोडी टाका, मिक्सरचं बटण उलटं फिरवत थोडं थोडं वाटा, मग बाकीच्या फोडी आणि दुधाचे खडे. मध्येच आवाज एकदम मोकळा, पोकळ येतो. म्हणजे पात्याभोवती हवा धरलीय, फोडी वर अडकून बसल्यात आणि पातं रिकामं फिरतंय. तेव्हा वेग वाढवायचा नाही. बंद करा, चमच्याने फोडी खाली ढकला, दोन चमचे दूध घाला, पुन्हा फिरवा. मोटर तापून मिक्सर बंदच पडला तर थोडा वेळ थांबून खालचं लाल बटण दाबा. सलग फार वेळही वाटू नका, भांडं गरम होतं आणि आपणच गोठवलेलं आपणच वितळवतो. पेले आधी फ्रीजरमध्ये ठेवले असतील तर उत्तम, त्यातही स्टीलचे.

आंबा संपला की केळं. सालीवर काळे ठिपके आलेलं वेलची केळं सोलून, चकत्या करून गोठवा. गोठलेलं केळं वाटलं की आपोआप मऊ आइस्क्रीमसारखं होतं, त्याला नारळही थोडाच लागतो. डहाणू-घोलवडचा चिकू मिळाला तर साखर घालूच नका.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे कोकम. नारळाच्या दुधाचे दहा-बारा खडे, चार-पाच चमचे अमृत कोकम, थोडं गार नारळाचं दूध आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. गाईच्या दुधात कोकम घातलं तर ते फाटेल, नारळाचं दूध ते आंबट निमूट पचवतं. सोलकढी पिणाऱ्याला हे सांगायला नको.

एक सावधगिरी. घट्टपणासाठी बाजारातून 'फ्रोजन डेझर्ट' आणून घालू नका. त्यात वनस्पती तेल असतं म्हणून ते दुधाविना असेल असं वाटतं, पण आपल्याकडच्या बहुतेक फ्रोजन डेझर्टमध्ये दुधाची पावडर असतेच. पाकिटाच्या मागचे घटक वाचा. वडिलांना नुसतं न पचणं नसून दुधाची ॲलर्जी असेल, तर ताक घुसळलेलं भांडं आणि झाकणाची रबरी रिंगसुद्धा नीट धुऊन घ्या. त्या रिंगच्या खाचेत बरंच काही साठतं.

शेक उरला तर तो फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. कुल्फीच्या साच्यात ओता.