फोर्ट पायी बघायचा तर पूर्वेकडून पश्चिमेकडे चाला

तुमचा प्रश्न असा : साताऱ्याहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने आई-वडील आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन यायचं, रविवारचा एकच दिवस आहे, टॅक्सी न करता जुनी मुंबई दाखवायची, तर सुरुवात गेटवेपासून करावी की मरीन ड्राइव्हपासून? दोन्हीपासून नको. गाडी सोडते तिथूनच, सीएसएमटीपासून निघा. सगळं मिळून सहा किलोमीटरच्या आसपास चालणं होतं आणि चढ कुठेच नाही.

आधी तिकिटाचं. महालक्ष्मी साताऱ्यात मध्यरात्रीनंतर येते. म्हणजे शनिवारी जेवून निघालात तरी तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. इथे पुष्कळ जण फसतात. सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे, त्यामुळे रिक्षा संध्याकाळीच सांगून ठेवा. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. छोटं कुलूप आणि प्रवासाचं तिकीट जवळ असू द्या.

साताऱ्याचा अजिंक्यतारा चढलेल्या मुलाला फोर्टात, म्हणजे जुन्या मुंबईच्या या भागात, पहिला प्रश्न पडेल, किल्ला कुठाय? इथल्या किल्ल्याचा तट 1860 च्या दशकात पाडला, पण वेशींची नावं राहिली. उत्तरेला बझार गेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. चर्चगेट स्टेशनाचं नाव या वेशीवरून आलं, आणि वेशीला ते मिळालं आतल्या सेंट थॉमस चर्चमुळे. काळा घोड्याजवळच्या एका रस्त्याला अजून रॅम्पार्ट रो म्हणतात, म्हणजे तटाची गल्ली. मुलाला हे आधी सांगा, मग तो स्वतःच तट शोधत चालेल.

तटाबाहेरची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे तिचेच उरलेले तुकडे. तट गेल्यावर त्या मोकळ्या पट्ट्यात हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर उभे राहिले (दोन्ही 1878 मध्ये पूर्ण झाले), तेव्हा त्यांच्या समोर समुद्र होता. पुढे भराव घालून समुद्र मागे सारला आणि नव्या जमिनीवर 1930 च्या दशकात आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा आणि गोलाकार कोपऱ्यांच्या शैलीतल्या, इमारती झाल्या. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललात की शहर ज्या क्रमाने वाढलं त्याच क्रमाने दिसतं. ऊनही याच दिशेने साथ देतं.

सकाळी सीएसएमटीच्या दर्शनी बाजूवर सावली असते, तिचे फोटो परतताना काढा. बझार गेटच्या बाजूला पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खाऊन दक्षिणेला हॉर्निमन सर्कलकडे चला. सेंट थॉमस चर्च 1718 चं आहे. रविवारी प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबावं. समोरच एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, 1833 चा. त्याला तीस पायऱ्या आहेत, वडीलधाऱ्यांना खालूनच दाखवा. तिथून गेटवेला पोचायला रमतगमत अर्धा तास लागतो. तिथे बॅगा तपासतात आणि रविवारी गर्दी लवकर वाढते, म्हणून दहाच्या आत पोचा. घारापुरीची लाँच याच दिवसात बसवू नका, तिला अर्धा दिवस जातो आणि बाकी सगळं कोलमडतं.

अकरा ते तीन उन्हात राहायचं नाही. साताऱ्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाला इथला दमटपणा दमवतो. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. हा वेळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवा. सव्वादहाला उघडतं, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. दोन तास कमीच पडतात. फोर्टातल्या बऱ्याच खानावळी रविवारी बंद असतात, त्यामुळे जेवण कुलाब्याच्या बाजूला उरका किंवा भाकरी-चटणी बांधून आणा.

चारनंतर ओव्हलवर या. हायकोर्ट आणि टॉवर पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिरपं ऊन पडलं की दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. मैदानाच्या मधोमध उभे राहा. पाठीमागे 1930 ची मुंबई, समोर 1870 ची. या एका जागेसाठी घाई टाळा. जवळच हुतात्मा चौक आहे, जुनी चर्चगेटची वेस तिथेच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक मुलाला दाखवाच. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण 1960 मध्ये ज्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते राज्य मिळवताना या चौकात माणसं पडली.

शेवटी चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेपाचला कठड्यावर जागा धरा. खालच्या सिमेंटच्या चार टोकांच्या ठोकळ्यांवर (टेट्रापॉड) मुलाला उतरू देऊ नका. शेवाळाने ते निसरडे होतात, आणि मधल्या फटीत पाय अडकला तर बाहेर काढणं अवघड जातं. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी कठड्यापासूनही लांब थांबा.

तिथून सीएसएमटी पायी अर्धा तास. आई-वडिलांचे पाय दुखत असतील तर तेवढ्यापुरती टॅक्सी करा, हट्ट धरू नका.