धुऱ्यावरची साहेबाची समाधी

प्रश्न : गुरुजी, दर्यापूर तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे. उत्तरेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली विटा-चुन्याचा चौथरा आहे, त्यात काळा दगड बसवलेला. गावात त्याला 'साहेबाची समाधी' म्हणतात. गाविलगडाच्या लढाईत मेलेला गोरा साहेब, असं सांगतात. आजी दर पोळ्याला तिथं नारळ फोडते. बाबांना यंदा धुरा सरळ करायचा आहे, जेसीबीही सांगून ठेवला आहे. मी दगड धुऊन वाचला. इंग्रजी आहे. नावाचा तुकडा फुटून गेला आहे. उरलेलं असं : लेफ्टनंट, सेकंड बटालियन, पुढं नंबर गेलेली रेजिमेंट, मद्रास नेटिव्ह इन्फंट्री, ऑगस्ट १८_८, वय २० वर्षे, सोबतच्या अधिकाऱ्यांनी दगड बसवला. सालातला तिसरा आकडा झिजला आहे. हा कोण असेल? समाधी काढली तर चालेल का?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : आधी बाबांना सांगा, जेसीबी थांबवा. बाकीचं बोलणं त्यानंतर.

तुम्ही दगड धुऊन वाचलात आणि जे दिसलं तेवढंच लिहिलंत, नाव मनानं भरलं नाहीत. त्यामुळे माझं काम सोपं झालं.

हा मुलगा गाविलगडावर पडलेला नाही. इंग्रज आणि मराठ्यांची अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची. त्यानंतर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला, आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. तुमच्या दगडावर महिना ऑगस्ट आहे आणि सालाचा शेवटचा आकडा आठ. शिवाय लढाईत पडलेल्याच्या दगडावर सोबती ते सहसा अभिमानानं कोरून ठेवत. इथं तसा शब्दच नाही.

मग साल कोणतं? १८०८ पासून १८९८ पर्यंत काहीही असू शकलं असतं, पण 'सेकंड बटालियन' या दोन शब्दांनी सोडवणूक केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पायदळात (तेच दगडावरचं 'नेटिव्ह इन्फंट्री') एका रेजिमेंटच्या दोन बटालियन असत. १८२४ मध्ये ती रचना मोडली आणि प्रत्येक बटालियनची स्वतंत्र रेजिमेंट झाली. म्हणजे दगड १८२४ च्या आधीचा. उरले १८०८ आणि १८१८. माझा कौल १८१८ ला. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रज सेनापती डव्हटन नागपूरवर चालून गेला, त्याच्या फौजेत मद्रासच्या पलटणी होत्या. पुढच्या मे महिन्यात नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. त्या पावसाळ्यात वऱ्हाडात फौजांची ये-जा होती.

आणि १८१८ चा पावसाळा म्हणजे पटकीचा, कॉलऱ्याचा पावसाळा. १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरला सुरू झालेली साथ त्याच वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि हजारो माणसं गेली. ऑगस्ट १८१८ मध्ये ती मुंबईला पोचली. सकाळी कवायतीला उभा असलेला माणूस संध्याकाळी मातीत जाई. तुमचा लेफ्टनंट पटकीनंच गेला असं दगड म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही.

पण वीस वर्षांचा लेफ्टनंट तिथवर कसा आला, ते सांगता येतं. कंपनीच्या चोवीस डायरेक्टरांपैकी कुणाच्या तरी ओळखीनं सोळाव्या-सतराव्या वर्षी कॅडेटची जागा मिळायची. वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला जोडायचा. मग आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने जहाजात. इथं आल्यावर मुनशीकडे हिंदुस्तानी शिकायची आणि वरचा कुणी मेला किंवा निघून गेला की बढती. मेल्यावर सामानाचा लिलाव होई. घोडा, तंबू, पिस्तुलं, पुस्तकं, सगळं सोबतचेच अधिकारी विकत घेत आणि पैसे घरच्यांना पाठवत. बातमी पोचायला पाच-सहा महिने लागत. तोवर त्याची आई त्याला पत्रं लिहीत असणार. आपल्या आजीच्या नारळाइतकंच मला ते जवळचं वाटतं.

त्याच्याच बटालियनमधले तेलुगू, तमिळ शिपाई त्याच वाटेवर मेले. त्यांच्यासाठी कुणी दगड बसवला नाही. म्हणून हा एक तरी राहू द्या, त्याच्यामुळे त्यांचीही वाट कळते.

मी इतका आग्रह का धरतो, तेही सांगतो. आमच्या विहिरीच्या थारोळ्याला एक काळा दगड उलटा बसवला होता. मोटेचं पाणी त्यावर पडायचं. मी पाचवीत इंग्रजी अक्षरं शिकलो आणि मान वाकडी करून वाचलं, 'एज्ड १९'. बाकीचा भाग चिऱ्यात गेलेला. कबर कुठं होती, कुणी फोडली, घरात कुणालाच आठवत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात विहीर खोल करताना तो दगडही फुटला. आज मी सत्तरीच्या पुढं आहे, पण त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव मला कधीच कळणार नाही. तुमच्या हाती अजून दगड आहे.

सातबारा काढून तलाठ्याला विचारा, चौथऱ्याची जागा पोटखराबात, म्हणजे लागवडीबाहेरच्या जमिनीत, दाखवली आहे का. नसेल तरी ट्रॅक्टर दोन हात लांबून वळवता येतो, धुरा तेवढा वाकडा राहिला तर पऱ्हाटीचं काही बिघडत नाही. आजीला नारळ फोडू द्या. फक्त दगडाला चुना, शेंदूर किंवा ॲसिड लावू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका.

नावासाठी दोन वाटा आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कबरींवरच्या लेखांची यादी १९३२ मध्ये नागपुरात छापली होती. नागपूरच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात विचारा. दुसरी वाट लंडनची. कंपनीच्या मुलखातल्या दफनांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी तिकडे जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुम्हाला मद्रासची वही पाहावी लागेल. मात्र छावणीत पाद्री नसला तर नोंद राहून जाई.

त्याआधी एक काम करा. रात्री बॅटरी घेऊन जा, दगड ओला करा आणि उजेड समोरून न टाकता अगदी बाजूनं, दगडाला घासून टाका. झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीनं उठतात. तिसऱ्या आकड्याच्या जागी नुसती उभी रेघ दिसते का, की गोल, तेवढं पाहा. 'रेजिमेंट'च्या आधी एखादा नंबर निघाला तर तोही उतरवून घ्या आणि फोटोसकट मला कळवा.