आईला विमानातून उडी मारायचीय

मागच्या अंकात मी ट्रीटमेंट संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं आणि जाता जाता एका वाक्यात सांगितलं होतं की ब्रेस्ट कॅन्सरला तीन वर्षं झाल्यावर, २०१९ मध्ये मी स्कायडायव्हिंग केलं. बाकीचा लेख बाजूलाच राहिला, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. त्यातली तीन इथे घेतेय, नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही कोथरूडला राहतो. आई ५९ वर्षांची आहे, बँकेतून रिटायर झाली. तीन वर्षांपूर्वी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, आता रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी फॉलोअप. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाली मला विमानातून उडी मारायचीय. आम्हाला वाटलं गंमत करतेय, पण तिने एफडी मोडून पैसे वेगळे काढून ठेवलेत. बाबा तेव्हापासून तिच्याशी धड बोलत नाहीत. मावशी म्हणते देवाने हात देऊन वर काढलं आणि ही परत उडी मारायला निघाली. मला तर राग येतो. दीड वर्ष मी नोकरी सांभाळून तिचे रिपोर्ट, तिचे डबे, रात्री उशाशी बादली घेऊन बसणं हे सगळं केलं, आणि आता ती स्वतःहून जीव धोक्यात घालणार. ती स्वार्थी वाटते मला, आणि असं वाटलं की मग रडू येतं. तिला कसं थांबवू?

उत्तर: अगं, आधी रागाचं बोलू. तो राग येणं अगदी बरोबर आहे आणि त्यासाठी रडू नकोस. आईच्या आजारपणात तू पण होतीस, फक्त तुझ्या नावाची फाइल कुणी उघडली नाही. दीड वर्ष जिला जपलं तिच्या बाबतीत आता काहीच वेडंवाकडं व्हायला नको असं वाटणारच. हे तिला सांगितलंयस का कधी, राग म्हणून नाही, असंच, मला तुझ्यासाठी भीती वाटते गं म्हणून? माझ्या मुलाने मला ते उडीच्या आदल्या आठवड्यात सांगितलं आणि तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं की तो रात्री उठून माझा श्वास चालू आहे ना बघायचा.

आता आईचं. ती हे का मागतेय ते मी तिच्या वतीने सांगू शकत नाही, माझ्यापुरतं सांगते. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, भिशी कधी, हे सगळं मी लिहायचे. २०१६ नंतर त्या चौकटींत फक्त हॉस्पिटल राहिलं. आज ब्लड, उद्या केमो, परवा काउंट बघायचे, मग स्कॅन, मग रिपोर्ट. ट्रीटमेंट संपली तरी कॅलेंडर काही रिकामं झालं नाही, तीन महिन्यांनी बोलावलं, सहा महिन्यांनी बोलावलं, आणि मी एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत जगत होते. उडीची तारीख ठरली तेव्हा मी ती त्याच कालनिर्णयवर लाल पेनने लिहिली आणि जवळजवळ तीन वर्षांनी त्या भिंतीवर अशी एक तारीख होती जी कुठल्या डॉक्टरने दिलेली नव्हती. खरं सांगू, मला वरच्या त्या एका मिनिटापेक्षा त्या लाल तारखेच्या आधीचे दोन महिने जास्त आठवतात. मी चालायला जायला लागले, नीट जेवायला लागले, खांद्याचे व्यायाम परत सुरू केले, ते भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचं ते, तुझ्या आईला माहीत असेल.

आणि भीतीचं म्हणशील तर भीती वाटलीच, भरपूर वाटली. पण रिपोर्टचं पाकीट उघडताना वाटते ती भीती आपल्यावर येऊन पडते, ही मी स्वतः पैसे देऊन, सही करून घेतलेली होती. हा फरक बाहेरून कळत नाही. मला रेडिएशनची पंचवीस सिटिंग झाली. त्यात हात डोक्यावर घेऊन झोपवतात, हलू नका म्हणतात आणि मग सगळे खोलीबाहेर जातात, तो जाड दरवाजा बंद होतो आणि आत आपण एकट्या. विमानात उलटं झालं. दार उघडलं, वारा आत आला, पाय बाहेर लोंबकळत होते आणि मला नेमकी ती खोली आठवली, कारण इथे पाठीला बांधलेला माणूस माझ्याबरोबर बाहेर येणार होता. खांद्यावर दोनदा टॅप केलं की हात पसरायचे असं शिकवलेलं असतं. त्याने टॅप केलं, मी हात पसरले, आणि तो डावा हात जो चार महिने केस विंचरायला पण वर जात नव्हता तो पूर्ण उघडला. मी वर ओरडले की रडले ते मला अजून सांगता येत नाही.

बाबांसाठी थोडी माहिती देते, त्यांना वाचायला दे, ते गप्प आहेत कारण घाबरलेत आणि आपल्याकडे त्या वयाच्या पुरुषांना मी घाबरलोय हे म्हणायची सवय नसते. आई एकटी उडी मारणार नाहीये. पहिल्यांदा करणारे टँडम करतात, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या हार्नेसने आपण इन्स्ट्रक्टरच्या पुढे चार ठिकाणी अडकवलेले असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. साधारण १० ते १३ हजार फुटांवरून उडी, अर्धं ते पाऊण मिनिट ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणं, मग पाचेक हजार फुटांवर तो पॅराशूट उघडतो आणि तिथून पुढची पाच-सात मिनिटं शांत तरंगत यायचं. पाठीवरच्या बॅगेत पॅराशूट दोन असतात, मेन आणि रिझर्व्ह, आणि ठरावीक उंचीखाली आल्यावरही वेग कमी झाला नसेल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं एक यंत्र पण असतं. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर त्याच्याकडे जाऊ नका.

पण तुझ्या आईच्या बाबतीत मला काळजी पॅराशूटपेक्षा तिच्या हाताची, हाडांची आणि हृदयाची आहे, आणि यासाठी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटायलाच हवं, फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणजे त्या बाजूचा हात सुजायची शक्यता कायम राहते, आणि पॅराशूट उघडताना हार्नेस खांद्याला, छातीला, मांड्यांना चांगला जोरात ओढतो. हात आत्ता सुजतो का, सूज रोखणारी घट्ट बाही म्हणजे प्रेशर स्लीव्ह घालून जायचं का, छातीवरचा पट्टा ऑपरेशनच्या व्रणावर येतो का, हे फिजिओला दाखवून घ्या. रोजची गोळी कुठली आहे ते बघ, लेट्रोझोलसारखी असेल तर त्याने हाडं विरळ होतात, मग हाडं किती भक्कम आहेत ते बघणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायला हवा कारण उतरताना पाय वर उचलून बसल्यासारखं लँडिंग असतं आणि कधी कधी चांगलं आपटायला होतं. टॅमॉक्सिफेन असेल तर त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, म्हणजे लांबच्या प्रवासात तासन्‌तास एका जागी बसायचं नाही. आणि केमोत ते लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिनसारखं, हृदयावर परिणाम करू शकणारं, होतं का? असेल तर टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नवीन हवा, तीन वर्षांपूर्वीचा चालणार नाही.

डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. हे मी आईला उद्देशून लिहितेय, तिला वाचून दाखव. पण डॉक्टर हो म्हणाले तर तू थांबवू नकोस, तू बरोबर जा. मी हरयाणात नारनौलला जाऊन केलं, पुण्याहून दिल्ली आणि तिथून गाडीने. धावपट्टीच्या कडेला उभं राहून वर बघत बसावं लागतं, आधी काही दिसत नाही, मग एक ठिपका दिसतो, मग रंग दिसतो. माझा मुलगा तिथे उभा होता. घरी परत येताना ट्रेनमध्ये तो सलग नऊ तास झोपला.

मावशींना सांग, पुण्याच्याच शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिली उडी २००४ मध्ये थेट उत्तर ध्रुवावर मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. मावशींना नऊवारीचं तरी नक्की आवडेल.

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, चिंचवडला असतो. चार वर्षांपूर्वी हॉजकिन्स लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता, केमोने बरा झालो. रिपोर्ट क्लीन आहेत पण खरं सांगायचं तर आनंद असा होत नाही, ऑफिस, घर, सगळं पाण्याखालून बघतोय असं वाटतं. तुमचं वाचून वाटलं उडी मारली की परत जाग येईल. मित्र म्हणतो फॉर्मवर कॅन्सरचं लिहू नकोस, उगाच नाही म्हणतील. काय करू?

उत्तर: दादा, फॉर्मवर लिहा. मित्राचं म्हणणं कळतं मला, कारण मी पहिल्यांदा जिथे फोन केला तिथल्या माणसाने कॅन्सर शब्द ऐकला आणि पुढचं न ऐकताच मॅडम नाही जमणार म्हणून फोन ठेवला. दिवसभर वाईट वाटत होतं, जसं काही मी अजून आजारीच आहे आणि मलाच ते माहीत नाही. पण दुसऱ्या ठिकाणी त्यांनी ट्रीटमेंट कधी संपली, आत्ता कुठली औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांचं पत्र देता का एवढंच विचारलं. तुमच्या पाठीला जो माणूस बांधलेला असणार आहे त्याला तुमच्याबद्दल खरं माहीत असायला हवं, त्याचा पण जीव आहे.

तुमच्या बाबतीत तर लपवणं जास्तच चुकीचं. हॉजकिन्सच्या केमोत बऱ्याचदा ब्लिओमायसिन नावाचं औषध असतं आणि ते फुप्फुसांवर परिणाम करू शकतं. १० हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ऑक्सिजन पण त्याच प्रमाणात कमी मिळतो, तरुण धडधाकट माणसाला काही वेळासाठी काही होत नाही पण तुमची फुप्फुसं किती भरतात ते आधी बघायला हवं. डिस्चार्जचे कागद काढा, औषधांची नावं बघा, डॉक्टरांना दाखवा, ते पीएफटी म्हणजे फुंकर मारायची टेस्ट सांगतील. त्याच केमोत लाल औषध पण असतं, तेव्हा इको तुम्हालाही लागू. छातीत केमोसाठी बसवलेलं पोर्ट अजून असेल तर ते सांगा. आणि उडीच्या दिवशी सर्दी असेल तर रद्द करा, एवढ्या भराभर खाली येताना कान भयंकर दुखतात. इन्शुरन्सची पॉलिसी पण वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

आता ते पाण्याखालून बघतोय म्हणालात त्याबद्दल. ते वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने परत उघडलं, कारण मला ते दिवस माहीत आहेत. ट्रीटमेंट चालू असताना सगळे आजूबाजूला असतात आणि संपली की सगळे पेढे खाऊन आपापल्या घरी जातात, आणि आपल्याला खरं काय झालं ते तेव्हा कळायला लागतं. उडीने मला खूप दिलं, पण तिने हे बरं केलं नाही. परत आल्यावर दोन आठवडे मी हवेतच होते आणि मग मॅमोग्राफीची तारीख जवळ आली तशी रात्रीची झोप परत गेली, तश्शीच. राहिलं ते एवढंच की त्या जागरणात मला एक गोष्ट आठवायला होती. आणि झोपेसाठी मी शेवटी कौन्सेलरकडे गेले, आठ महिने जात होते, त्याचा उपयोग झाला. तुम्ही आधी तिथे जा. चार वर्षं हा फार मोठा काळ आहे असं राहायला, कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा, ते सायकिअॅट्रिस्टचं किंवा कौन्सेलरचं नाव देतील. उडी त्यानंतर मारा, तेव्हा ती तुम्हाला जास्त दिसेल.

प्रश्न: मी ६३ वर्षांची, सहकारनगरला राहते. आमचा कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचा ग्रुप आहे, त्यातल्या चौघींनी कामशेतला पॅराग्लायडिंग करायचं ठरवलंय, मग पुढे स्कायडायव्हिंग म्हणतायत. मला उंचीची भीती वाटते, आधीपासूनच. नाही म्हटलं तर सगळ्या म्हणतात तू कॅन्सरला हरवलंस आणि याला घाबरतेस? मी कुठेतरी कमी पडतेय असं वाटतं.

उत्तर: ताई, तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. ते कॅन्सरला हरवलंस वगैरे बोलणं मला कधीच पटलं नाही. आमच्या वॉर्डातल्या दोघीजणी गेल्या, त्या काही माझ्यापेक्षा घाबरट नव्हत्या. आपण औषधं घेतली, ती लागू पडली, आपण इथे आहोत. त्याचं कर्ज विमानातून उडी मारून फेडायचं नसतं. मैत्रिणी प्रेमानेच म्हणत असतील, पण त्यांना एकदा स्पष्ट सांगा की मला नको आहे, घाबरते म्हणून नको आहे, आणि विषय तिथे संपवा.

तुम्ही पत्राच्या शेवटी छोट्या अक्षरात लिहिलंय की ऑपरेशननंतर पहिल्यांदा पर्वती चढलात तेव्हा वर बसून अर्धा तास शहराकडे बघत होतात आणि आता दर रविवारी जाता. त्या १०३ पायऱ्या केमो झालेल्या पायांनी चढायच्या म्हणजे काय ते मला माहीत आहे, बोटांना मुंग्या येत असताना पायरी नीट कळत पण नाही. बाकीच्या कामशेतला जातील त्या सकाळी तुम्ही पर्वतीवर जा आणि वरून एक फोटो काढून ग्रुपवर टाका. मलाही पाठवा.