क्रूस आधी कोठ्यात शोध

बाबू, तू केलेल्या क्रूसाचा फोटो पाहिला. क्रूस सुबक आहे, पण वॉर्निश मारलेलं सागवान कुठल्याही दुकानात मिळतं. नागपूरहून रंग आणायच्या आधी कोठ्यात डोकावून ये: पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या), फाटका बारदाना. इटलीचा आल्बेर्तो बुर्री मूळचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासमध्ये युद्धकैदी असताना चित्रं काढू लागला आणि १९५० च्या दशकात त्यानं ठिगळं लावलेल्या बारदान्याचीच चित्रं केली. ती धार्मिक म्हणून केलेली नव्हती. मला मात्र त्या उसवणीत क्रूसावरच्या येशूच्या कुशीतली जखमच दिसते.

काट्यांच्या मुकुटाला बाभूळ सगळेच वापरतात. तू कापूस वेचून झालेलं बोंड घे. त्याची वाळकी टोकं वेचणीत किती टोचतात, ते आईला विचार. तिची बोटं बघितल्याशिवाय मुकुट करूच नको.

काड्या कडक उन्हात वाळव, बोंडअळी असलेल्या जाळून टाक. फेविकॉलवर विसंबू नको, सुतळीनं बांध. माझा पहिला क्रूस पावसाळ्यात बुरशीनं गेला.

प्रार्थनेला येणारी म्हातारी माणसं नाकं मुरडतील. गोव्याच्या आंजेलो दा फोन्सेका या चित्रकारानं चित्रात येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली तेव्हाही लोक बोललेच होते. बोंडं कमी पडली तर सांग, आमच्याकडं पोतंभर पडली आहेत.