गाडीची अलॉय व्हील्स फुटपाथला घासली आहेत, लॅकरही सुटतंय. घरच्या घरी नीट करता येतील का?

तुम्ही लिहिलंय की दोन चाकांची कड फुटपाथला घासून खरवडली आहे, तिसऱ्यावर लॅकरखाली (म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली) पांढऱ्या रेघा दिसताहेत, आणि टायर न उतरवता हे काम घरी होईल का. होईल. मी दोन गाड्यांची आठही चाकं घरीच केली. त्यातलं पहिलं मात्र पुन्हा करावं लागलं, आणि ते का करावं लागलं हेच मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचंय.

माझ्या त्या चाकावरही तुमच्यासारख्याच रेघा होत्या, अळीने पान कुरतडावं तशा नागमोडी. उडालेल्या खड्याने लॅकरला टोचा पडतो, तिथून पाणी आणि क्षार आत शिरतात आणि ॲल्युमिनियम लॅकरच्या खालून गंजत जातं. हा गंज तांबूस नसतो, पांढरी भुकटी असते, त्यामुळे तो गंज आहे हे पटकन लक्षातच येत नाही. मी सुटलेलं लॅकर खरवडून काढलं आणि घट्ट बसलेलं दिसलं ते तसंच ठेवलं. रंग सुंदर बसला. चार महिन्यांत त्याच जागेच्या शेजारी फुगे आले. रेघ जिथे संपल्यासारखी दिसते, त्याच्याही पुढे ती लॅकरखाली गेलेली असते. तेव्हापासून रेघ संपली की आणखी बोटभर चांगला भाग घासतो, स्वच्छ, एकसारखा चकचकीत धातू दिसेपर्यंत. आणि हे घासताना लोखंडी तारांचा ब्रश कधीच नाही. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या गंजाची सुरुवात तिथूनच होते. नायलॉनचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरे.

कामाला हात घालण्याआधी चाक उतरवून, धुऊन, उजेडात दोन्ही बाजूंनी बघा. स्पोकच्या मुळाशी किंवा आतल्या कडेला केसासारखी चीर असेल, रिम वाकलेली असेल, तर घरी काहीही करू नका, चाक जाणकाराला दाखवा. पुट्टी खळगा भरते, चाकाला बळ देत नाही. वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बहुतेक अलॉय व्हील्सना कारखान्यात ठराविक तापमानाला तापवून आणि थंड करून मजबुती आणलेली असते, ती अशा तापवण्याने जाते. दुसरी अडचण डायमंड कट चाकांची. चाकाच्या तोंडावर सीडीसारख्या बारीक गोल रेघा चमकत असतील, तर तो भाग लेथवर कापलेला आहे. हाताने घासून तो परत येत नाही. अशी चाकं एकतर लेथवाल्याकडे द्या, नाहीतर पूर्ण एका रंगात रंगवायची तयारी ठेवा.

धुण्याचं काम लोक उरकून टाकतात, पण तिथेच निम्मं चाक बिघडतं. ब्रेकची धूळ कोरडी झटकू नका, हवेच्या पाइपने उडवूही नका, ती छातीत जाते. आधी भरपूर पाणी, मग साबण, मग लोहकण काढणारं क्लीनर. ते लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं, ओघळ थांबले की समजा बहुतेक धूळ निघाली. चाक गार असतानाच मारा. त्यानंतर वॅक्स आणि ग्रीस काढणारं द्रव फडक्यावर घेऊन पुसा, आणि हे पेपर मारण्याच्या आधी करा. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन रिमवर उरलं तर घासताना ते ओरखड्यांत दाबलं जातं, आणि मग रंग मारला की बारीक गोल खड्डे पडतात. ते खड्डे रंगाच्या आणखी थरांनी भरत नाहीत.

आता खरवडलेली कड. फुटपाथला घासलं की धातू नुसता निघून जात नाही, बाजूला ढकलला जाऊन उंच उभा राहतो. आधी बारीक कानशीने हा उंचवटा उतरवा. ओरखडा निम्म्याने उथळ झालेला दिसेल आणि पुष्कळदा पुट्टीची गरजच उरत नाही. मग १२० नंबरचा पेपर, १८०, २४०, आणि शेवटी ४०० पाण्यासोबत. पेपर लाकडी ठोकळ्याला किंवा रबराला गुंडाळा, नुसत्या बोटांनी दाबला तर चर पडतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे जुना रंग संपतो आणि उघडा धातू सुरू होतो ती रेघ. तिथे एक पायरी असते. डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून मी डोळे मिटतो आणि ओलं बोट रंगावरून धातूकडे हळू सरकवतो. नख अडकलं तर पायरी बाकी आहे. बोटाला काहीच कळलं नाही की घासणं झालं. बरोबर झालेल्या जागी लॅकर, रंग, प्रायमर आणि धातू असे एकात एक पट्टे दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे. ही पायरी राहिली तर नव्या रंगातून ती हमखास उठून दिसते, आणि पुढे रंग सुटायला लागतो तोही तिथूनच. माझा एका चाकाचा जवळजवळ सगळा दिवस यातच जातो, रंगाला त्या मानाने फार थोडा वेळ लागतो.

पुट्टी फक्त उरलेल्या खळग्यांना, तीही पातळ, दोनेक मिलिमीटरपर्यंत. ती काही मिनिटांत आवळते, म्हणून एका वेळी सुपारीएवढीच कालवा, आणि लवकर वाळावी म्हणून हार्डनर (पुट्टी घट्ट करणारं द्रव्य) जास्त घालू नका. टायर जिथे रिमवर बसतो तिथे पुट्टी नको, रंगाचे थरही नकोत, नाहीतर हवा गळते.

टायरबद्दल: तुमच्या वर्णनावरून उतरवायची गरज दिसत नाही. हवा सोडा, म्हणजे टायर कडेपासून दाबता येतो. मग खेळायचे पत्ते रिम आणि टायरच्या मध्ये एकमेकांवर थोडे चढवत गोल खोचत जा. रंग पत्त्यांवर पडतो आणि कड अगदी स्वच्छ येते. व्हॉल्व्हला टेप लावा. नटची भोकं आणि चाक हबला टेकतं ती मागची सपाट जागा न विसरता झाका. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि घट्ट केलेला नट सैल पडतो. बॅलन्सिंगची वजनं हलवू नका. हललीच तर पुन्हा बॅलन्सिंग करून घ्या.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून घासलेलं चाक रात्रभर ठेवू नका. पुसा आणि त्याच दिवशी एच (etch) प्रायमर किंवा एपॉक्सी प्रायमर मारा. एच प्रायमरमध्ये आम्ल असतं, तेव्हा पुट्टीवर चालतो का ते डब्यावर वाचून घ्या. साधा प्रायमर धातूला नीट धरत नाही.

रंगाचं तंत्र थोडक्यात: रंगाचा स्प्रे कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला थर इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. आधी स्पोकच्या आतल्या बाजू, शेवटी तोंड. थरांमध्ये १० ते १५ मिनिटं. दमट हवेत लॅकर दुधासारखं पांढुरकं होतं, तसा दिवस असेल तर काम पुढे ढकला.

लॅकरमध्ये दोन प्रकार मिळतात. हार्डनर असलेलं टू-के लॅकर पेट्रोल आणि क्लीनरला खूप चांगलं टिकतं, पण त्यात आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क माझ्याकडे नाही, म्हणून मी घरी ते मारत नाही आणि तुम्हीही मारू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. हार्डनर नसलेल्या साध्या वन-के लॅकरचे तीन-चार थर मारा. मऊ आहे, पण फक्त साबण-पाण्याने धुतलं तर चांगलं राहतं.

एका वेळी एकच चाक काढा आणि त्याच्या जागी स्टेपनी लावा, म्हणजे वाळायची घाई होत नाही. मी आठवडाभर थांबतो. हाताला कोरडं लागलं तरी आत लॅकर ओलं असतं आणि पाना लागताच उखडतं. बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवा भरायला विसरू नका.

सुरुवात खरवडलेल्या दोन चाकांपैकी ज्याचे ओरखडे कमी त्याच्यापासून करा. पांढऱ्या रेघांचं चाक शेवटी घ्या, तोपर्यंत पायरी ओळखायला तुमचं बोट तयार झालेलं असेल.